त्रिरश्मीवरील औषधदान आणि पंडित भगवानलाल इंद्रजी

पश्चिम भारतातील प्राचीन शिलालेखांचे थोर अभ्यासक पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८३९ रोजी जुनागढ येथे झाला. गावाजवळ गिरनारच्या वाटेवर सम्राट अशोकाचे लेख कोरलेली शिला आहे. माणसांच्या आणि जनावरांच्याही उपचारांची सोय केल्याचा, औषधी वनस्पती लावल्याचा उल्लेख तेथील दुसऱ्या लेखात आहे. ती लिपी भगवानलाल यांनी तरुणपणीच आत्मसात केली.

किन्लॉक फोर्ब्स यांच्या शिफारशीवरून ते मुंबईस डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे आले. भाऊ दाजी व्यवसायाने वैद्यक आणि वृत्तीने पुराविद होते. त्यांच्यासाठी भगवानलाल यांनी देशभर हिंडून लेखांचे ठसे व नकला घेतल्या. १८७४ मध्ये भाऊ दाजींचे निधन झाले. त्यानंतर जेम्स कॅम्बेल यांच्या गॅझेटियरसाठी त्यांनी नाशिकच्या लेण्यांतील लेख वाचले. तो खंड १८८३ मध्ये निघाला. रा. गो. भांडारकर यांनीही याच लेखांवर काम केले होते, हे येथे सांगितले पाहिजे.

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे आजच्या पांडवलेण्यांत, आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या राज्यवर्षाचा एक लेख आहे. काळ इसवी सनाचे तिसरे शतक. शक अग्निवर्म्याची कन्या विष्णुदत्ता हिने विहारातील आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी अक्षयनीवी, म्हणजे कायमची ठेव, ठेवल्याची त्यात नोंद आहे. ठेव राजकोषात नव्हे, गोवर्धन येथील कारागिरांच्या श्रेणींकडे होती. कुलरिकांकडे, म्हणजे बहुधा कुंभारांकडे, १,००० कार्षापण आणि जलयंत्रे करणाऱ्या ओदयंत्रिकांकडे २,०००. तेल गाळणाऱ्यांचीही श्रेणी त्यात आहे. मुद्दलाला हात न लावता व्याजातून औषधे आणायची, अशी ही व्यवस्था. औषधांची नावे लेखात नाहीत. पैसा कोठून यायचा ते मात्र नेमके कळते.

त्याच शतकाच्या मध्यास इटलीत रिमिनी येथे एका शल्यवैद्याचे घर जळाले. १९८९ पासून झालेल्या उत्खननात तेथे सुमारे दीडशे उपकरणे सापडली. रोमन वैद्यकाचा असा हत्यारांचा पुरावा आपल्याकडे दुर्मीळ आहे. म्हणून नाशिकच्या या काही ओळींचे मोल मोठे.

भगवानलाल यांचे इंग्रजी बेताचे होते. आपले निबंध ते गुजरातीत लिहीत आणि ब्यूलर यांच्यासारखे विद्वान त्यांचे भाषांतर करीत. १८८२ मध्ये त्यांनी सोपारा येथील स्तूप उकरला, अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडाही त्यांना तेथेच मिळाला. १८८४ मध्ये लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

१६ मार्च १८८८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. गुजरातच्या प्राचीन इतिहासावरील त्यांचे लेखन त्यानंतर आठ वर्षांनी, १८९६ मध्ये गॅझेटियरमधून प्रसिद्ध झाले.