कोवळ्या मेंदूचा चित्रकार

मुलाने चित्रकार होण्याचा हट्ट धरला आणि डॉक्टर वडिलांनी तो मोडून काढण्याचा चंग बांधला. न्हाव्याकडे, चांभाराकडे उमेदवारीला ठेवून झाले. अखेर दफनभूमीतील हाडे पुढ्यात ठेवून त्यांनी मुलाला शरीररचना शिकविली. १८५२ साली स्पेनमध्ये जन्मलेले सांतियागो रामोन इ काहाल वैद्यकाकडे वळले ते असे. चित्रकलेचा हात मात्र जन्मभर कामी आला.

मज्जापेशी रंगविण्याची गोल्जी यांची पद्धत काहाल यांना १८८७ मध्ये माद्रिदला पाहावयास मिळाली. पण प्रौढ मेंदूत तंतूंचे जंगल इतके दाट, की एक फांदी दुसरीपासून वेगळी करणे दुरापास्त. सारी मज्जासंस्था हे एकसंध जाळे होय, हे तेव्हाचे मत या गर्दीमुळेच पक्के झाले होते. काहाल यांनी कोंबडीचे भ्रूण व नवजात प्राणी निवडले. तेथे तंतू आखूड असतात, त्यांवर मेदाचे आवरण चढलेले नसते. १८८८ मध्ये बार्सिलोनात त्यांना दिसले, की प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र आहे. पदरमोड करून काढलेल्या नियतकालिकाच्या अवघ्या ६० प्रती छापून त्यांनी हे जगाला कळविले! १८९० मध्ये त्यांनी वाढत्या तंतूचे शंकूसारखे टोक ओळखले. हे टोक भ्रूणात वाट काढीत ठरलेल्या पेशीपर्यंत पोहोचते. रासायनिक आकर्षण त्याला दिशा दाखवीत असावे, हा त्यांचा तर्क पुढे खरा ठरला.

मग आनुवंशिकतेने मिळालेला हा आराखडा जन्मताच कायम होतो काय? पेशींची संख्या वाढत नसली, तरी बौद्धिक व्यायामाने त्यांच्या शाखा व परस्परसंबंध वाढू शकतात, असे प्रतिपादन काहाल यांनी १८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे केले. बुद्धीचा निवाडा कुळावरून करणाऱ्यांना हे आजही पचत नाही.

१९०६ चे नोबेल पारितोषिक काहाल व गोल्जी यांना विभागून मिळाले, आणि गोल्जींनी त्या व्यासपीठावरूनच काहाल यांच्या सिद्धान्तावर हल्ला चढविला. दोन पेशींमधील फट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविली ती १९५० नंतरच्या दशकात. काहाल १९३४ मध्येच निवर्तले होते. प्रौढ मेंदूतील तुटलेले तंतू पुन्हा वाढत नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष निराशाजनक खरा; परंतु त्यांचे शिष्य तेयो यांनी १९११ मध्येच मेंदूत बाहेरील मज्जेचा तुकडा रोवला असता त्यात तंतू शिरताना दिसले होते. १९८१ मध्ये मॉन्ट्रियल येथे या प्रयोगाचा आशय पडताळला गेला. वाढीची शक्ती पेशीत शिल्लक असते, भोवतालचे द्रव्य तिला अडविते, या दिशेने संशोधन वळले ते तेव्हापासून.