बूट घालण्याआधीची तालीम

मैत्रिणींनो, आमच्या मैंदर्गीत पहाटे पाचला रस्त्यावर आलात तर धापा टाकत पळणारी पोरं दिसतील. सैन्यभरतीची ओढ इकडच्या मुलांना फार. निवड झाली की पेढे वाटले जातात, गळ्यात हार पडतात. मग ट्रेनिंगला जायची तारीख कळते आणि आईच्या पोटात गोळा येतो. तिथं कसं राहील, काय खाईल, ओरडा सहन होईल का त्याला? ओळखीच्या एका आईनं मला विचारलं, त्याच्याबरोबर काय काय देऊ? चिवडा, लोणचं, रजई, देवाचा फोटो, यादी वाढतच चालली होती. तेव्हा मला मेजर रामा राघोबा राणे यांचं आयुष्य आठवलं. परमवीर चक्र मिळालेला आपल्या भाषेच्या मुलखातला हा माणूस. त्याची गोष्ट रणगाड्यांची म्हणून सांगतात, पण मला ती तालमीची वाटते.

रामा राण्यांचा जन्म 26 जून 1918 चा, कारवारजवळच्या चेंडिया गावातला. कारवार म्हणजे आपल्या मैंदर्गीसारखाच सरहद्दीचा मुलूख. इथं कन्नड आणि मराठी एका ओसरीवर नांदतात, तिथं त्यांच्या जोडीला कोकणीही. वडील राघोबा पोलिसात शिपाई होते. त्यांची बदली झाली की मुलाची शाळाही बदलायची, त्यामुळे शिक्षण तुकड्या-तुकड्यांनी झालं. 1930 साली देशभर सत्याग्रहाची लाट उठली आणि बारा वर्षांचा रामाही तिच्याकडे ओढला गेला. वडील सरकारी नोकरीत, त्यांना काळजी वाटणारच. त्यांनी बिऱ्हाड परत चेंडियाला आणलं. मुलाच्या अंगात रग आहे, तिला वाट कुठली द्यायची, ही काळजी तेव्हाच्याही आईबापांना होतीच बघा.

ती वाट पुढं सैन्यात निघाली. 10 जुलै 1940 रोजी, वयाच्या 22 व्या वर्षी, ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले. या दलाचं घर म्हणजे पुण्याजवळचं खडकी. लोक यांना बॉम्बे सॅपर्स म्हणतात. यांचं काम बंदूक चालवण्यापुरतं नसतं. पूल बांधायचे, गरज पडली तर उडवायचे, रस्ते करायचे, जमिनीत पुरलेले सुरुंग काढायचे. म्हणजे हातात कसब हवं आणि डोकं थंड हवं. ट्रेनिंगमध्ये राणे आपल्या तुकडीतले सर्वोत्तम रिक्रूट ठरले आणि मानाची कमांडंटची छडी त्यांना मिळाली. शाळा सलग न झालेला, पोलीस शिपायाचा हा मुलगा. ट्रेनिंगमध्ये घराणं आणि मार्कलिस्ट कामाला येत नाही. रोज वेळेवर उठणं, सांगितलेलं नीट ऐकणं आणि कंटाळा आला तरी तेच काम पुन्हा चोख करणं, एवढंच तिथं मोजलं जातं.

मग दुसरं महायुद्ध. त्यांची कंपनी ब्रह्मदेशात आराकानच्या जंगलात जपान्यांशी लढत होती. फौज माघार घेत असताना राण्यांना दोन छोट्या तुकड्यांसह मागं ठेवलं. बुथिडाँग इथली महत्त्वाची ठिकाणं शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून उडवून द्यायची आणि मग नौदलाच्या बोटीतून परतायचं, असं ठरलं होतं. काम झालं, पण बोटींचा बेत फसला. समोर नदी, नदीवर जपानी पहारा. राण्यांनी माणसांना धीर देऊन रात्रीची नदी पार केली आणि सगळ्यांना घेऊन आपल्या फौजेला गाठलं. या कामगिरीबद्दल त्यांना हवालदार केलं. 1947 च्या अखेरीस, एकोणतिसाव्या वर्षी, ते सेकंड लेफ्टनंट झाले. शिपायापासून अधिकारी व्हायला सात वर्षं लागली.

आणि लगेच काश्मीर. एप्रिल 1948. नौशेऱ्याहून राजौरीला जाणारा डोंगरी रस्ता शत्रूनं सुरुंग पेरून आणि झाडं आडवी पाडून बंद केला होता. राजौरी सोडवायची तर रणगाडे पुढं न्यायला हवेत, आणि रणगाड्यांना वाट हवी. ती वाट मोकळी करायचं काम राण्यांकडे आलं. 8 एप्रिलला सकाळी अकराच्या सुमारास काम सुरू होण्याआधीच तोफगोळे पडले. त्यांची दोन माणसं जागीच गेली, राण्यांसह पाच जण जखमी झाले. कुणीही म्हटलं असतं, आज पुरे. राण्यांनी उरलेली माणसं गोळा केली आणि कामाला लागले ते रात्री दहापर्यंत, शत्रूच्या डोळ्यांसमोर, मशीनगनच्या माऱ्यात.

दुसऱ्या दिवशी, 9 एप्रिलला, सकाळी सहाला पुन्हा सुरुवात. दुपारी तीनपर्यंत रणगाड्यांसाठी वळणाची वाट तयार झाली. मग सगळ्यात पुढच्या चिलखती गाडीत बसून ते निघाले. अर्ध्या मैलावर पाइनची झाडं आडवी. उतरून ती उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पुढं मोरी उद्ध्वस्त केलेली, तिला बगल देऊन वाट काढली. अंधार पडताना समोर पाच मोठी झाडं, भोवती सुरुंग आणि वरून गोळ्या. त्या रात्री रणगाडे थांबवावे लागले. 10 एप्रिलला पहाटे पावणेपाचला राणे परत त्याच झाडांपाशी हजर. साडेसहाला वाट मोकळी. रणगाडे नदीच्या पात्रातून पुढं गेले, पण मागून येणाऱ्या सामानाच्या गाड्यांना रस्ताच लागणार, म्हणून राणे न जेवता, न विसावता रात्री नऊपर्यंत राबले. 11 एप्रिलला सकाळी सहाला पुन्हा काम. अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला, तरी त्या रात्री दहापर्यंत ते पुढचा रस्ता साफ करतच होते. 12 एप्रिलला आपलं सैन्य राजौरीत पोचलं.

मैत्रिणींनो, या चार दिवसांत मला सगळ्यात मोठं काय वाटतं, सांगू? पहाटे पावणेपाच आणि सकाळी सहा या वेळा. आदल्या दिवशी जखम झालेली, साथीदार गेलेले, आणि माणूस ठरल्या वेळी कामावर हजर! ही सवय रणांगणावर एकाएकी लागत नाही. ती ट्रेनिंगमध्ये पक्की होते, आणि घरून थोडी लागलेली असेल तर मुलाला ट्रेनिंग सोपं जातं.

राण्यांना परमवीर चक्र मिळालं. जिवंतपणी हा सन्मान मिळवणारे ते पहिले. या पदकामागंही एक बाईमाणूस आहे हं! त्याचं रेखाटन सावित्रीबाई खानोलकरांचं. जन्मानं स्वित्झर्लंडच्या, लष्करी अधिकारी विक्रम खानोलकरांशी लग्न करून त्या आपल्या झाल्या. राणे 1968 साली मेजर म्हणून निवृत्त झाले. 11 जुलै 1994 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. कारवारला त्यांचा पुतळा आहे, आणि 2023 साली अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव दिलं गेलं.

आता आपल्या पोरांकडे वळू. जायच्या आधी दोन-तीन महिने हातात असतील तर घरातच छोटी तालीम सुरू करा. अंथरूण त्याचं त्यानं घडी करावं, कपडे स्वतः धुवावेत, इस्त्री करावी, बटण लावावं, बुटाला पॉलिश करावं. आईनं हाक न मारता उठावं. पळणं एकदम वाढवू नये, आठवड्या-आठवड्यानं वाढवावं, आणि फाटक्या बुटांनी डांबरावर मुळीच नाही. नवे बूट असतील तर आधी घरी वापरून मऊ करावेत, म्हणजे फोड येत नाहीत. ज्वारीच्या भाकरीची सवय असलेल्या पोराला तिथं भात, चपाती, राजमा, जे ताटात येईल ते वेळेत संपवावं लागतं. म्हणून आवडीनिवडीचे लाड आधीच कमी करा. आपल्याकडची मुलं घरात कन्नड, शाळेत मराठी बोलतात. तिथं सगळा कारभार हिंदीत. आतापासून घरात थोडी हिंदी बोलू द्या, हसू नका.

सामान बोलावण्याच्या पत्रात लिहिलेलं असेल तेवढंच. मूळ कागदपत्रं, त्यांच्या झेरॉक्स प्रती, फोटो, बँकेचं पासबुक एका फाइलमध्ये ठेवा. कुलूप, सुई-दोरा, नेलकटर, रुमाल, आतले कपडे पुरेसे द्या. सोन्याची चेन आणि जास्तीची रोकड घरीच ठेवा. आणि नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला उंबऱ्याआत घेऊ नका.

मनाची तयारी जरा अवघड, त्याची आणि आपलीही. सुरुवातीला फोन हातात मिळत नाही, मिळाला तर मोजकी मिनिटं. त्या मिनिटांत घरचं कर्ज, सासूशी झालेलं भांडण, म्हशीचं आजारपण सांगत बसू नका. त्याचं ऐका. रडला तर रडू द्या, पण परत ये म्हणू नका आणि आमचं नाक कापू नकोस असंही म्हणू नका. केस कापणं, ओरडा खाणं हा अपमान नाही, तो तिथला रिवाज आहे, हे आधीच सांगून ठेवा. पण ताप, पाय सुजणं, छातीत दुखणं लपवायचं नाही, लगेच सांगायचं, हेही बजावा. 2022 साली आलेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांच्या सेवेनंतर जास्तीत जास्त चारांतल्या एकालाच कायम घेण्याची तरतूद ठेवली गेली. म्हणून पुढच्या शिक्षणाचं बोलणंही जाण्याआधीच घरात होऊ द्या. परत आला तर तो हरलेला नसतो.

आणि हे सगळं पोरींनाही लागू बरं का. मे 2021 मध्ये बेंगळुरूला लष्करी पोलीस दलाची महिला शिपायांची पहिली तुकडी ट्रेनिंग पूर्ण करून बाहेर पडली. मे 2025 मध्ये खडकवासल्याच्या एनडीएतून 17 मुलींनी पहिल्यांदा दीक्षान्त संचलन केलं. आपल्या लेकीही पहाटे पळू लागतील तेव्हा त्यांच्या हातात झाडू देण्याआधी बुटाची जोडी द्या.

चिवड्याचा डबा चार दिवसांत संपतो. ठरल्या वेळी स्वतः उठायची सवय मात्र पोराबरोबर जन्मभर राहते, आणि ती बांधून द्यायला पिशवीत जागाही लागत नाही.