दुष्काळाने घर उद्ध्वस्त केलं, तरी तुकोबा डोंगराकडेच का गेले?

चाकण एमआयडीसीच्या कारखान्यांच्या पलीकडे भामचंद्रचा डोंगर दिसतो. देहूजवळ भंडारा आणि देहूरोडहून तळेगावकडे जाताना घोरवडेश्वर. हे तिन्ही डोंगर संत तुकारामांच्या एकांताचे. झाडावेलींना सोयरे मानणारा त्यांचा अभंग सगळ्यांना ठाऊक असतो. त्याआधी त्यांच्या घरात काय घडलं होतं, ते मात्र फारसं सांगितलं जात नाही.

तुकोबांचा जन्म १६०८ चा मानला जातो. देहूतलं हे घर खातंपितं होतं. शेती, दुकान, सावकारी आणि पिढ्यान्‌पिढ्यांची पंढरीची वारी. मोठा भाऊ सावजी विरक्त, त्यामुळे व्यापार लहान वयातच तुकोबांच्या गळ्यात पडला. पुढे आई-वडील गेले. मग १६३० च्या सुमारास पावसाने पाठ फिरवली आणि दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. गुरं मेली, दिवाळं निघालं. पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतूही गेला.

ज्या निसर्गाने एवढं हिरावून नेलं, त्याच्याकडेच हा माणूस गेला. भामचंद्रवर ते दिवसेंदिवस बसून राहिले. परंपरा सांगते, की पंधराव्या दिवशी त्यांना साक्षात्कार झाला. खाली आल्यावर त्यांनी धाकट्या कान्होबाला कर्जखतांची निम्मी वाटणी दिली आणि आपला वाटा इंद्रायणीत सोडला. दुष्काळात होरपळलेल्या कुळांसाठी ही केवढी सुटका असेल!

त्यामुळे त्यांच्या अभंगांतला निसर्ग नुसता देखणा नाही. मोठमोठी झाडं वाहून नेणाऱ्या पुरात टिकून राहणारं लव्हाळं नदीकाठी राहणाऱ्यालाच दिसणार. पेरणी, बीज, मुंगी हे सगळं शेतातून आलेलं. अर्थात या एकांताची किंमत दुसरी पत्नी जिजाईने मोजली. घर तिने ओढलं, वर भाकरी घेऊन भंडाऱ्याचा चढही तीच चढायची.

अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, अशी श्रद्धा आहे. १६५० मध्ये तुकोबा गेले.

भामचंद्रच्या पायथ्याशी खाणी आणि कारखाने सरकू लागले, तेव्हा वारकरी रस्त्यावर उतरले. इंद्रायणी देहूवरून मोशीमार्गे आळंदीला जाते. वाटेत तिच्यात सांडपाणी मिसळतं. गेल्या काही वर्षांत आळंदीला येणारे वारकरी अनेकदा पांढऱ्या फेसातच स्नान करतात.