वाऱ्याच्या जोरावर हायड्रोजन बनविणारा शिक्षक

पाण्यापासून स्वस्त हायड्रोजन कसा मिळवायचा, या प्रश्नावर आज जगभर संशोधन सुरू आहे. डेन्मार्कमधील आस्कोव या छोट्या गावात मात्र एका शिक्षकाने एकोणिसाव्या शतकातच पवनचक्कीच्या विजेवर हायड्रोजन तयार करून शाळा उजळवली होती. या शिक्षकाचे नाव पोल ला कूर.

१३ एप्रिल १८४६ रोजी जटलँडमध्ये जन्मलेल्या ला कूर यांचा मूळ विषय हवामानशास्त्र. १८७२ मध्ये स्थापन झालेल्या डॅनिश हवामान संस्थेचे ते उपसंचालक होते. तारायंत्राच्या क्षेत्रातही त्यांनी महत्त्वाचे शोध लावले. राजधानीतील ही प्रतिष्ठा सोडून १८७८ मध्ये ते आस्कोवच्या लोकविद्यालयात शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवण्यासाठी दाखल झाले.

वीज शहरांपुरतीच राहिली तर खेडी मागे पडतील, ही चिंता त्यांना सतावत होती. डेन्मार्ककडे वारा मुबलक. पण तो लहरी. वारा पडला की दिवे विझणार. यावर उपाय म्हणून, सरकारी अनुदानातून १८९१ मध्ये उभारलेल्या पवनचक्कीची वीज पाण्यात सोडून हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे करायचे आणि वायूच्या रूपाने ऊर्जा साठवायची, असे त्यांनी ठरविले. त्यासाठी इटलीतील पोम्पेओ गारुती यांच्या विद्युत अपघटन तंत्राचा त्यांनी आधार घेतला. वाऱ्याचा वेग बदलला तरी जनित्राला समान शक्ती मिळावी, यासाठी ‘क्रॅटोस्टॅट’ हे नियंत्रक यंत्रही त्यांनी तयार केले.

१८९५ ते १९०२ या काळात विद्यालयातील दिवे याच हायड्रोजनवर जळत होते. हा मार्ग निर्धोक नव्हता. हायड्रोजनमध्ये थोडा ऑक्सिजन मिसळला तरी स्फोट होई आणि खिडक्यांच्या काचा फुटत. अखेर विद्युत घटांचा पर्याय सोयीचा ठरला आणि हायड्रोजनचे दिवे मागे पडले.

ला कूर थांबले नाहीत. १९०३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने डॅनिश पवनवीज संस्था स्थापन झाली. आस्कोवमध्ये ग्रामीण वीजतंत्रज्ञ घडू लागले. त्यांच्यापैकीच एक, योहानेस यूल, यांनी १९५७ मध्ये गेडसर येथे २०० किलोवॉटची पवनचक्की उभारली. आधुनिक पवनचक्क्यांची ती पूर्वज मानली जाते. हे पाहण्यास ला कूर हयात नव्हते. २४ एप्रिल १९०८ रोजी त्यांचे निधन झाले होते.

पाण्याच्या विघटनास तत्त्वतः सुमारे १.२३ व्होल्ट पुरतात. प्रत्यक्षात अधिक लागतात आणि जादा वीज उष्णतेत वाया जाते. आजही एक किलो हायड्रोजनला साधारण ५० युनिट वीज खर्ची पडते. ही गळती कमी करणे, दोन्ही वायू कटाक्षाने वेगळे ठेवणे आणि लहरी वाऱ्याशी यंत्राचा मेळ घालणे, हीच आजच्या अभियंत्यांपुढची आव्हाने आहेत. आस्कोवच्या शिक्षकाने त्यांच्याशी सव्वाशे वर्षांपूर्वीच झुंज दिली होती.