बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी : वकिली करता करता शहर घडवणारा माणूस

मुंबईत सीएसएमटी स्टेशनच्या बाहेर आलं की समोरच अंजुमन-ए-इस्लामची देखणी इमारत दिसते. रोज हजारो लोक तिच्यासमोरून जातात. पण या संस्थेचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेल्या बद्रुद्दीन तय्यबजींबद्दल आपल्या मुलांना किती माहीत असतं?

बद्रुद्दीन यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1844 रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा घराण्यात झाला. वडील तय्यब अली खंभातहून आलेल्या कुटुंबातले व्यापारी. त्या काळी अनेक मुस्लिम घरांत इंग्रजी शिक्षणाकडे संशयाने पाहिलं जायचं. तय्यब अलींनी मात्र मुलांना विलायतेला पाठवलं. बद्रुद्दीन आधी मदरशात उर्दू-फारसी शिकले, मग एल्फिन्स्टनमध्ये आणि पुढे लंडनला गेले. डोळ्यांच्या आजारामुळे शिक्षण अर्ध्यावर टाकून परत यावं लागलं, पण ते पुन्हा गेले आणि 1867 मध्ये बॅरिस्टर होऊनच परतले. मुंबई हायकोर्टात उभे राहिलेले ते पहिले भारतीय बॅरिस्टर. तोवर तिथे सगळे गोरेच होते. वय अवघं तेवीस, तरी थोड्याच वर्षांत त्यांनी आपला जम बसवला.

पैसा आणि नाव मिळालं, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. 1873 मध्ये मुंबई महापालिकेत गेले, पुढे विद्यापीठाच्या सिनेटवर आणि कायदेमंडळावरही. हिंदुस्थानी न्यायाधीशांना गोऱ्या आरोपींचे खटले चालवता यावेत म्हणून इल्बर्ट बिल आलं, तेव्हा इंग्रजांनी गदारोळ केला. 1883 मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमधल्या सभेत तय्यबजी, फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ तेलंग यांनी त्या बिलाची बाजू जोरात मांडली. एक मुस्लिम, एक पारशी, एक हिंदू. या तिघांची जोडगोळी नव्हे, तिकडीच जमली होती. 1885 मध्ये त्यांनीच बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन उभी केली.

1887 मध्ये मद्रासच्या अधिवेशनात ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. हा मान मिळालेले ते पहिले मुस्लिम. सर सय्यद अहमद खान यांना मुस्लिमांनी काँग्रेसमध्ये जाणं मान्य नव्हतं. दोघांत पत्रव्यवहार झाला, मतभेद मिटले नाहीत. देशाच्या सामाईक प्रश्नांवर सगळ्यांनी एकत्र बसलं पाहिजे आणि कौमचं हितही आत राहूनच जपलं पाहिजे, ही बद्रुद्दीन यांची भूमिका कायम राहिली.

कौमसाठी त्यांचा मोठा आग्रह तालीमचा. 1874 मध्ये अंजुमन स्थापन झाली, 1880 मध्ये तिची शाळा सुरू झाली. मुलींच्या शिक्षणाची सुरुवात त्यांनी स्वतःच्या घरापासून केली. लोकांची नाराजी ओढवेल हे ठाऊक असूनही पडद्याच्या कडक चालीवर ते उघडपणे बोलले.

1895 मध्ये ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि दोनच वर्षांत त्यांच्या कसोटीचा दिवस आला. राजद्रोहाच्या आरोपाखाली टिळकांना अटक झाली होती. आधी मॅजिस्ट्रेटने आणि मग हायकोर्टातही न्या. पार्सन्स व न्या. रानडे यांनी जामीन नाकारला होता. ऑगस्ट 1897 मध्ये अर्ज तय्यबजींसमोर आला. टिळकांचं आणि त्यांचं राजकारण जुळणारं नव्हतं, शिवाय सरकारची नजर होतीच. पण आरोपी खटल्याला हजर राहील का आणि त्याला बचावाची तयारी करता येईल का, एवढंच त्यांनी पाहिलं आणि जामीन दिला. पुढे टिळकांना शिक्षा झाली, ती दुसऱ्या न्यायाधीशांसमोर. पण गुन्हा सिद्ध होण्याआधी माणसाला तुरुंगात का ठेवायचं, हा प्रश्न तय्यबजींनी त्या दिवशी निकालात काढला होता. खटल्याविना वर्षानुवर्षं आत असलेल्यांच्या बातम्या आजही वाचतो, तेव्हा हा निर्णय आठवावा असाच आहे.

1902 मध्ये त्यांनी काही काळ हंगामी मुख्य न्यायाधीश म्हणूनही काम पाहिलं. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय. ऑगस्ट 1906 मध्ये लंडनमध्ये हृदयविकाराने त्यांचा इंतकाल झाला. दफन मुंबईत झालं.

अंजुमनच्या शाळा-कॉलेजांतून आजही हजारो मुलं-मुली शिकून बाहेर पडतात. पुढच्या वेळी सीएसएमटीला उतरलात तर मुलांना ती इमारत दाखवा आणि ही गोष्ट सांगा. कदाचित त्यातलंच कुणी उद्या काळा कोट घालून कोर्टात उभं राहील.