गेन्दुन चोफेल : तिबेटनेच तुरुंगात टाकलेला तिबेटचा इतिहासकार

तिबेटचा विषय निघाला की आपल्या समाजात दलाई लामा आणि चीनचे आक्रमण या दोनच गोष्टींवर बोलले जाते. त्या आक्रमणाआधी तिबेटमध्ये प्रश्न विचारणाऱ्या माणसाचे काय होत असे, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून आज आम्ही गेन्दुन चोफेल यांचे जीवन वाचकांपुढे ठेवत आहोत.

त्यांचा जन्म १९०३ साली ईशान्य तिबेटमधील आम्दो प्रांतात, रेबकाँग भागात झाला. लाब्रांग विहारात शिकताना वादविवादात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण ते मान्यताप्राप्त ग्रंथांवरच प्रश्न उभे करू लागले आणि त्यांना तो विहार सोडावा लागला. पुढे ते ल्हासाजवळच्या द्रेपुंग विहारात आले. तिथे चित्रे काढून त्यांनी पोट भरले.

१९३४ साली राहुल सांकृत्यायन ल्हासाला आले. भारतातून नाहीसे झालेले संस्कृत बौद्ध ग्रंथ त्यांना शोधायचे होते. दोघांनी मिळून जुन्या विहारांतील ताडपत्री पोथ्या धुंडाळल्या. त्यानंतर चोफेल त्यांच्याबरोबर भारतात आले आणि सुमारे बारा वर्षे इकडेच राहिले.

या काळात ते संस्कृत, पाली आणि इंग्रजी शिकले. धर्मानंद कोसंबी पालीसाठी ज्या श्रीलंकेला गेले होते, तिथे चोफेलही वर्षभराहून अधिक काळ राहिले. त्यांनी धम्मपद पालीतून तिबेटी भाषेत आणले. भारतातील बौद्ध स्थळांची माहिती देणारी मार्गदर्शिका तिबेटी यात्रेकरूंसाठी लिहिली. कालिम्पाँगहून निघणाऱ्या तिबेटी वृत्तपत्रात लेख लिहून, पृथ्वी सपाट नसून गोल आहे, हे आपल्या लोकांना समजावले. मेरू पर्वत जगाच्या मध्यभागी आहे असे शिकवणाऱ्या विहारांना हे रुचणारे नव्हते.

त्यांचे सर्वांत मोठे काम इतिहासाचे होते. तुनहुआंगच्या गुहांत सापडलेल्या जुन्या तिबेटी कागदपत्रांच्या आधारे ते प्राचीन तिबेटी राजांचा इतिहास लिहू लागले. सातव्या-आठव्या शतकांत तिबेट हे स्वतःचे सैन्य आणि स्वतःची सत्ता असलेले बलाढ्य राज्य होते, हे दंतकथांऐवजी लेखी पुराव्यांवरून मांडण्याचा त्यांचा प्रयत्न होता.

कालिम्पाँगमध्ये तिबेटी राज्यव्यवस्थेत सुधारणा मागणारा एक छोटा पक्ष होता. चोफेल यांचा त्याच्याशी संबंध आला. ल्हासाला परतल्यावर १९४६ साली त्यांना अटक झाली. आरोप खोट्या चलनाचा ठेवला गेला. त्यांची टिपणे जप्त झाली. १९४९ साली सुटका झाली तेव्हा प्रकृती खालावली होती आणि ते दारूच्या आहारी गेले होते. इतिहासाचा तो ग्रंथ अपुराच राहिला.

१९५० च्या ऑक्टोबरमध्ये चिनी सैन्य पूर्व तिबेटमध्ये घुसले. तिबेट सरकारने संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितली, पण तो प्रश्न बाजूला ठेवला गेला. १९५१ च्या सप्टेंबरमध्ये चिनी सैन्य ल्हासात पोहोचले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत चोफेल यांचे निधन झाले.

चोफेल मोकळे असते तर चीन थांबला असता, असे आम्ही म्हणत नाही. आक्रमणाची जबाबदारी आक्रमकाचीच असते. पण ज्या देशाला जगापुढे आपली स्वतंत्र ओळख सांगायची होती, त्याने ती पुराव्यानिशी लिहिणाऱ्या माणसालाच कोठडीत ठेवले, हेही तितकेच खरे आहे. धर्मसत्ता आणि राजसत्ता एकाच हातात असल्या की शंका विचारणारा भिक्खूही राजद्रोही ठरतो.

वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही पाहतो की वर्षावासात ग्रंथवाचन नियमाने होते, पण एखाद्या तरुणाने अवघड प्रश्न विचारला की त्याला गप्प बसवले जाते. यंदाच्या वर्षावासात रोजच्या वाचनानंतर अर्धा तास प्रश्नांसाठी राखून ठेवावा, एवढीच आमची प्रत्येक विहार समितीला विनंती आहे.