संत जोसेफ वाझ : घराघरांतून ख्रिस्तसभा जगवणारा धर्मगुरू



१६ जानेवारीला आपण संत जोसेफ वाझ ह्यांचा सण साजरा करतो. ह्या निमित्ताने त्यांचे जीवन थोडक्यात सांगावे असे आम्हांस वाटते. त्याला एक कारणही घडले.

आगमनकाळात आमच्या धर्मग्रामातील एका लहान ख्रिस्ती समूहाच्या सभेला आम्ही गेलो होतो. सव्वाआठ वाजले तरी पाचच माणसे जमली होती. कुणाची लोकल चुकली होती, कुणाची रात्रपाळी होती, कुणाच्या मुलांची परीक्षा होती. पाच माणसांसाठी सभा घ्यावी की पुढे ढकलावी, असे ॲनिमेटर बाईंनी ओशाळून विचारले. खरे सांगायचे तर त्या वेळी आम्हीही मनातल्या मनात घड्याळ पाहत होतो. सभा झाली. परतताना मात्र संत जोसेफ वाझ आठवले आणि आमची आम्हांलाच लाज वाटली.

जोसेफ वाझ ह्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली ह्या गावी, आजोळी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. जुन्या गोव्यात त्यांचे शिक्षण झाले आणि १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. दीक्षेनंतर त्यांनी पायातील वहाणा सोडल्या. गोरगरीब अनवाणी चालतात, तर आपणही तसेच चालावे हा त्यांचा विचार होता. पुढील वर्षी त्यांनी लेखी करार करून स्वतःला पवित्र मरियेचा दास म्हणून अर्पण केले.

त्याच सुमारास श्रीलंकेतील कॅथलिकांची दुर्दशा त्यांच्या कानी आली. १६५८ साली डचांनी पोर्तुगिजांकडून जाफना जिंकून घेतले होते. नव्या राज्यकर्त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना हद्दपार केले आणि धर्मगुरूला घरात आसरा देणाऱ्यास मृत्युदंड जाहीर केला. चर्च काढून घेतली. लग्ने आणि मुलांचे बाप्तिस्मे डच चर्चमध्येच करावे लागत. हे ऐकून फादर वाझ ह्यांचे मन तिकडे ओढ घेऊ लागले. परंतु वरिष्ठांनी त्यांना १६८१ साली कानडा प्रांतात पाठवले. मंगळूर, बसरूर, गंगोळी ह्या भागात विखुरलेल्या कुटुंबांना भेटत ते पायी फिरले. १६८४ साली ते गोव्यास परतले. दुसऱ्या वर्षी काही गोमंतकीय धर्मगुरू एकत्र राहून प्रार्थनेचे जीवन जगू लागले होते, त्यांना ते जाऊन मिळाले. हा स्वतःदेखील एक लहान समूहच होता! संत फिलिप नेरी ह्यांच्या नियमावर उभी राहिलेली गोव्याची ओरेटरी ती हीच. पुढे शतकाहून अधिक काळ श्रीलंकेला धर्मगुरू मिळत राहिले ते ह्याच घरातून.

१६८६ साली फादर वाझ निघाले. सोबत जॉन नावाचा विश्वासू सेवक होता. धर्मगुरूचा झगा उतरवून त्यांनी मजुराचा वेष घेतला आणि १६८७ साली ते जाफना भागात पोहोचले. वाटेत दोघेही अतिसाराने आजारी पडले. संसर्गाच्या भीतीने लोकांनी त्यांना गावाबाहेर नेऊन ठेवले. एक बाई पेज आणून देई, तिच्यावर त्यांचे प्राण वाचले.

आता मोठा प्रश्न होता. कॅथलिक शोधायचे कसे? विचारणे धोक्याचे, सांगणे त्याहून धोक्याचे. फादर वाझ ह्यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि ते दारोदार भीक मागू लागले. भिक्षा वाढणाऱ्याची नजर त्या जपमाळेवर किती वेळ थांबते, हे ते पाहत. अशा रीतीने एक घर सापडले, त्या घराने दुसरे दाखवले. एकही धर्मगुरू नसताना २९ वर्षे ह्या कुटुंबांनी दारे लावून प्रार्थना जपली होती. आईने मुलीला शिकवली, आजोबांनी नातवाला. फादर वाझ श्रीलंकेत ख्रिस्तसभा घेऊन गेले असे आपण सहज म्हणतो. खरे तर त्यांना ती तिथे सापडली. घराघरांत, पाच-सहा माणसांच्या रूपाने.

सिल्लालै हे गाव त्यांचा आधार बनले. रात्री एखाद्या घरी मिस्सा, पापनिवेदन, पहाटेपूर्वी दुसऱ्या गावाकडे प्रस्थान. १६८९ सालच्या नाताळच्या रात्री डच शिपायांनी जाफन्यात अशा जमावांवर छापे घातले. अनेकांना धरून नेले, फटके मारले. फादर वाझ मात्र हाती लागले नाहीत. आपण विचार करावा : आपल्या समूहसभेला जाण्याची किंमत म्हणून आपण आजवर काय मोजले? फार तर टीव्हीवरची एक मालिका.

पुढे ते पुत्तलमला गेले आणि १६९२ साली कँडीच्या स्वतंत्र राज्यात शिरले. तिथे पोर्तुगिजांचा हेर समजून त्यांना कैद करण्यात आले. बंदिवासात ते सिंहली भाषा शिकले. थोडी मोकळीक मिळताच त्यांनी तिथेच झोपडीवजा प्रार्थनाघर उभारले, आणि कँडीतील विसरले गेलेले कॅथलिक भोवती गोळा होऊ लागले. पुढे मोठा दुष्काळ पडला. त्या वेळी त्यांच्या प्रार्थनेने पाऊस आला अशी परंपरा आहे. त्यानंतर राजा दुसरा विमलधर्मसूर्य ह्याने त्यांना मोकळेपणी काम करण्याची परवानगी दिली. राजा बौद्ध होता आणि बौद्धच राहिला, पण ह्या अनवाणी परदेशी माणसाला त्याने आश्रय दिला.

बंधुभगिनींनो, सुमारे ९ वर्षे संपूर्ण बेटावर ते एकटेच धर्मगुरू होते. एका गावाला वर्षातून एकदा भेट झाली तरी पुष्कळ. मग उरलेले दिवस काय? त्यांनी प्रत्येक ठिकाणी प्रापंचिकांवरच जबाबदारी सोपवली. प्रार्थना चालवणारा आणि मुलांना धर्मशिक्षण देणारा तो अण्णावी. प्रार्थनाघर सांभाळणारा वडीलधारा तो मूप्पू. रविवारी लोकांना जमवणे, मरणासन्न माणसाजवळ बसणे, तान्ह्या मुलाच्या जिवाला धोका असल्यास बाप्तिस्मा देणे, मृताला मूठमाती देणे, ही कामे तेच करत. त्यांना प्रार्थना व वाचन मिळावे म्हणून तमिळ आणि सिंहली पुस्तकांची गरज होती. १७०५ साली आलेले दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्विस ह्यांनी पुढे ती गरज विपुल लेखन करून भागवली.

हे समूह केवळ प्रार्थनेपुरते नव्हते. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. राजा राजधानी सोडून गेला, रोग्यांना आप्तांनीच रानात टाकले. फादर वाझ आणि नुकतेच आलेले त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो रोग्यांसाठी खोपटी बांधत, त्यांना भरवत, जखमा धुत, मृतांना पुरत. रोगी कोणत्या धर्माचा हे त्यांनी विचारले नाही. ख्रिस्ताविषयी जे प्रवचनातून सांगता आले नसते, ते कँडीच्या लोकांना त्या दिवसांत दिसले.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे वयाच्या ५९व्या वर्षी त्यांचे निधन झाले. गोव्यास ते पुन्हा कधी परतले नाहीत. डचांची सत्ता त्यानंतरही १७९६ पर्यंत टिकली, पण ते समूह विझले नाहीत. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९९५ साली कोलंबो येथे त्यांना धन्य घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी तिथेच पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांना संतपद बहाल केले.

आता आपल्याकडे वळू. मुंबई महाधर्मप्रांतात १९८०च्या दशकापासून लहान ख्रिस्ती समूह सुरू झाले. पण आपल्या पूर्वजांना ही गोष्ट नवी नव्हती. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत गावठाणांतून जे क्रूस उभे आहेत, त्यांतील कित्येक १८९६ च्या प्लेगच्या काळातले. चर्चपर्यंत जाता येत नव्हते, तेव्हा आळीतली माणसे क्रूसाभोवती जपमाळ म्हणत. आज गावठाणांच्या जागी इमारती आल्या आहेत. घाटकोपर-मुलुंडच्या चाळींचेही टॉवर होत आहेत. चाळीत शेजारी आजारी पडला तर भिंतीतून कळत असे. आता चौदाव्या मजल्यावर एकटी राहणारी आजी पडली तर कुणाला कळणार? वॉचमनला?

आमची चूक आम्ही मान्य करतो. समूह म्हणजे चर्चची शाखा कचेरी असे आम्ही धर्मगुरूंनीच कित्येकदा मानले. सणाची वर्गणी गोळा करा, लॉटरीची तिकिटे खपवा, मिस्सेला वाचक द्या. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अंश हा पूर्णाहून लहान असतो असे आम्ही घोकले होते. ख्रिस्तसभेच्या बाबतीत हे गणित पुरे पडत नाही. दोघे-तिघे जमले तिथे प्रभू अर्धामुर्धा येत नाही. त्या रात्रीची पाच माणसे म्हणजे ख्रिस्तसभेचा उरलासुरला भाग नव्हता. त्या इमारतीपुरती तीच ख्रिस्तसभा होती.

म्हणून एक विनंती. ह्या महिन्याची सभा प्रत्येक समूहाने अशा घरी घ्यावी, जिथून कुणी आजारपणामुळे वा म्हातारपणामुळे बाहेर पडू शकत नाही. आम्ही आलो नाही तरी सभा घ्यावी. आणि निघण्यापूर्वी शेजारच्या एका अन्यधर्मीय घराचीही विचारपूस करावी.

सभेत विचार करण्यासाठी :
१. आपल्या इमारतीत किंवा आळीत एकटे कोण राहते, हे आपल्याला ठाऊक आहे का?
२. वर्षभर धर्मगुरू आले नाहीत, तर आपल्या समूहात कोणती प्रार्थना चालू राहील? ती कोण चालवील?
३. आपला समूह आहे हे आपल्या अन्यधर्मीय शेजाऱ्यांना कशावरून कळते?

संत जोसेफ वाझ, आम्हांसाठी विनंती कर.

आपले,
प्रमुख धर्मगुरू